मंडळी आजारी आहे, लक्ष घालावे

आजच्या सभेचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आदरणीय वरिष्ठ पाळक, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, पुढच्या रविवारपासून ज्यांचा उपदेश आपल्याला ऐकायचा आहे ते नवे तरुण पाळक, पंचकमिटीचे सभासद, गायनवृंदातल्या मुली, ज्यांनी या खुर्च्या मांडल्या आणि ज्यांना त्या परत उचलायच्या आहेत ते सगळे भाऊ, आणि मंडळी. प्रभूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला दिसतंय. माझं चष्म्याचं दुकान आहे, लांबचं मला चांगलं दिसतं.

पाळकसाहेबांनी या समारंभाला होकार देताना कमिटीला एक अट घातली होती, की माझ्या उपदेशांची कोणी स्तुती करायची नाही. मी ती अट तंतोतंत पाळणार आहे. मी त्यांच्या सर्वांत वाईट उपदेशांबद्दल बोलणार आहे. पाळकीणबाई हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं मी कुठले चार म्हणतोय.

पण त्याआधी, मी आज इथे का उभा आहे ते सांगतो. गेल्या मंगळवारी मी त्यांच्या घरी पुस्तकं बांधायला गेलो होतो. अर्धी खोकी भरल्यावर त्यांनी आपल्या जुन्या पवित्र शास्त्रातून एक घडी घातलेला कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो. आता मंडळी कशी आहे?" कागद मी ओळखला. तो माझ्याच हातचा होता. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

एकवीस वर्षं सेवा करून निघालेल्या माणसाला कोणी असं उत्तर देतं का? त्यांचा चेहरा उतरला आणि ते सुतळी कापायला लागले. तेव्हापासून मला चैन नाही. आज सर्वांसमोर त्यांना उत्तर देऊन मोकळं व्हायचं आहे, आणि त्यासाठी ती चिठ्ठी तुम्हाला आधी सांगायला हवी.

एकवीस वर्षांपूर्वी हे नवीन आले तेव्हा माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. छातीचं दुखणं होतं, चार पावलं चालली की धाप लागायची. नव्या पाळकांनी घरी येऊन प्रार्थना करावी अशी तिची फार इच्छा. मी त्यांच्या दाराशी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुलूप. म्हणून उपासनेनंतर एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि दरवाजाजवळच्या सूचनापेटीत टाकल्या. जुन्या लोकांना ती पेटी आठवत असेल. पंख्याचा आवाज येतो, गाण्याची पट्टी फार वरची आहे, असल्या तक्रारींनी ती कायम भरलेली असायची.

आता, आमच्या घरात बायकोचं नाव घेऊन बोलायची सवय नव्हती. माझे वडील आईला आयुष्यभर 'आमची मंडळी' म्हणत आले. मीही तेच उचललं. 'बायको' असं पाळकांना लिहायला लाज वाटली, 'पत्नी' लिहावं तर रजेचा अर्ज केल्यासारखं वाटलं. म्हणून मी लिहिलं, "मंडळी आजारी आहे. उठून बसण्याचीही ताकद उरलेली नाही. पाळकसाहेबांनी लवकर लक्ष घालावे. आपला नम्र." आणि घाईघाईत खाली नाव लिहायचं राहून गेलं.

हसा, हसा. पण तेव्हा मी हसत नव्हतो.

नवा पाळक, नवी जागा, आणि पहिल्याच आठवड्यात पेटीत अशी निनावी चिठ्ठी. त्यांनी काय समजावं? पाळकांच्या लेखी मंडळी म्हणजे चर्चची मंडळी, तुम्ही-आम्ही सगळे. त्यांनी लगेच लक्ष घातलं. सलग चार रविवार त्यांनी एकच विषय घेतला. 'आजारी मंडळी.' पहिल्या रविवारी आजाराची लक्षणं, दुसऱ्या रविवारी कारणं. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकतोय, आणि पाळक पुलपिटावरून सांगताहेत, "या मंडळीला बसून खायची सवय लागली आहे. ही मंडळी बाहेरून बरी दिसते, पण हिला उठायचंच नाही." माझी कानशिलं तापली. शेजारी बसलेल्या परिचारिका ताईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं, त्याने तर आणखीच.

घरी आलो की ती विचारायची, "आज माझ्यासाठी प्रार्थना केली का त्यांनी? काय म्हणाले?" मी काय सांगणार? मी म्हणायचो, "तुझ्याबद्दलच बोलले." एका अर्थी ते खोटं नव्हतं. मग ती समाधानाने डोळे मिटायची. रोज दुपारी चार वाजता ती मला केस विंचरून द्यायला लावायची, आणि उशाशी एक खुर्ची मांडून ठेवायला लावायची. का, तर पाळकसाहेब आज येतील. चार आठवडे मी ती खुर्ची मांडली आणि उचलली.

मंडळी, आता तुम्ही म्हणाल, या माणसाची बायको आजारी आहे हे बाकी कोणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. शंभर घरांच्या मंडळीत प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणीतरी पाळकांना सांगितलं असेल. आज मागे वळून बघताना वाटतं, माझी चिठ्ठी चुकून खरीच होती.

चौथ्या रविवारी उपासनेनंतर हे दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. मला विचारलं, "कसा वाटला उपदेश?" माझा बांध फुटला. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "चार रविवार तुम्ही माझ्या बायकोच्या आजारावर बोललात, एकदा घरी येऊन तिला बघितलं नाहीत. तुम्हाला माणसं दिसत नाहीत. चष्मा बदला."

चष्मेवाल्याने असं म्हणावं, ते जिव्हारी लागलं. मला ते तिथेच दिसलं, पण मी वळून चालता झालो.

घरी पोचून मी कोट काढतोय तोच दार वाजलं. हे. अंगात अजून उपासनेचा पांढरा झगा, कड रस्त्याच्या धुळीने मळलेली. हातात ती चिठ्ठी. त्या दिवशी खुर्ची मांडायची राहिली होती, म्हणून हे पलंगाशेजारी खालीच बसले. आमच्या मंडळीने विचारलं, "आज माझ्यावर काय उपदेश केलात?" यांनी सगळं खरं सांगितलं. शब्दाचा घोटाळा, चार रविवार, बसून खायची सवय, सगळं. आणि ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

मग म्हणाली, "वाचून दाखवा की. बघू तरी मला काय झालंय." यांनी झग्याच्या खिशातून कागद काढले आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर तिला झोप लागली. हे तिथेच बसून राहिले. पाऊण तासाने ती जागी झाली आणि म्हणाली, "जिथे माझा डोळा लागला ना, तिथून पुढचं काढून टाका."

त्या दिवसापासून नऊ वर्षं, दर शनिवारी दुपारी, रविवारचा उपदेश आधी आमच्या घरी व्हायचा. तुमच्यातल्या पुष्कळांना हे आज पहिल्यांदा कळतंय. ऐकणारी एकटीच, आडवी पडलेली, आणि भारी कडक. एखादा जड शब्द आला की म्हणायची, "हा माझ्या घरी राहत नाही." हे पेन्सिलीने खोडायचे. आणि सगळं वाचून झालं की तिचा एकच प्रश्न असायचा, "हे उद्या कोणासाठी आहे?" हे म्हणायचे, "सर्वांसाठी." ती म्हणायची, "सर्वांसाठी म्हणजे कोणासाठीच नाही. माणूस सांगा." यांना माणूस सांगता यायचा नाही. म्हणून हे शुक्रवारी घरोघरी जायला लागले, शनिवारी तिला उत्तर देता यावं म्हणून. "शेवटच्या बाकावर बसणारे बसचालक काका आहेत ना, मुलगा दूर गेल्यापासून बोलत नाहीत, त्यांच्यासाठी." मग ती मान हलवायची. पास.

यांचे उपदेश अठरा मिनिटांचे का असतात याचं श्रेय तुम्ही आजवर यांना देत आलात. ते चुकीच्या पत्त्यावर जात होतं.

सूचनापेटीचंही तिनेच केलं. म्हणाली, पेटी ठेवा, तक्रारी बंद करा. आज ज्याची जागा रिकामी दिसली त्याचं नाव लिहून टाका, खाली स्वतःचं नाव लिहा, आणि लिहिणाऱ्यानेच त्याच्या घरी जायचं. 'खाली नाव लिहा' हे म्हणताना माझ्याकडे बघून म्हणाली. सुरुवातीला पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. सगळे हुशार. जायला लागू नये म्हणून कोणाला रिकामी जागा दिसायचीच नाही. तीन महिने पाळकसाहेब एकटेच लिहायचे आणि एकटेच जायचे. मग एका रविवारी परिचारिका ताईंनी लिहिली. त्यानंतर कसं होत गेलं ते तुम्ही जाणता, तुम्हीच केलंय.

नऊ वर्षांनी ती गेली. तिच्या दफनविधीच्या वेळीही ती ऐकायला नव्हती असं मला वाटत नाही. यांनी दोन पानं लिहून आणली होती. एक पान वाचलं, थांबले, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "इथे तिला झोप लागली. पुढचं मी वाचत नाही." आणि खाली बसले. त्याहून मोठा उपदेश मी ऐकला नाही. माफ करा, अट मोडली.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत नाहीत, तिकडे भिंतीकडे बघताहेत, म्हणून अजून दोन मिनिटं घेतो.

नव्या पाळकांना मी काय सांगणार? एवढंच, की शनिवारी दुपारी कोणाला तरी वाचून दाखवा, आणि त्यांना झोप लागली तर रागावू नका.

आता उत्तर. मंगळवारी तुमच्या घरून आलो तो मला ताप भरला. परवाच्या रविवारी मी उपासनेला नव्हतो. दुपारी एक वाजायच्या आत माझं दार वाजलं. बसचालक काका. त्यांच्या मागे परिचारिका ताई. त्यांच्या मागे गायनवृंदातली एक मुलगी, तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती म्हणाली, "तुम्ही तिसऱ्या बाकावर बसता ना? जागा रिकामी दिसली." मग आणखी लोक आले. घरात माझ्याकडे खुर्च्या चार, माणसं अकरा. तिच्या उशाशी मांडायचो ती खुर्चीही बाहेर काढावी लागली. बारा वर्षांत तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. बसचालक काका बसले. मला बरं वाटलं.

पाळकसाहेब, ती जुनी चिठ्ठी तुम्ही सोबत घेऊन निघाला आहात, मला माहीत आहे. तुमच्या कोटाच्या वरच्या खिशात आहे ती, इथून दिसतेय. ती मला परत द्या. तिच्या बदल्यात ही दुसरी आणली आहे. वाचतो.

"मंडळी बरी आहे. इथलीही, आणि तिथलीही. पाळकसाहेबांनी निश्चिंत जावे. आपला नम्र." या वेळी खाली नाव लिहिलं आहे.

पाळकीणबाई, तुमची दर शनिवारची दुपार आम्ही नऊ वर्षं घेतली आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार. अध्यक्षांचे, कमिटीचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा, असं म्हणायची पद्धत आहे. आजवर मी ते पुष्कळदा नुसतं पद्धत म्हणून म्हटलं. आज एका वाक्यासाठी म्हणतोय. एकवीस वर्षांपूर्वी या दारात मी तुम्हाला म्हणालो होतो की तुम्हाला माणसं दिसत नाहीत. ते वाक्य मी परत घेतो. साहेब, मला क्षमा करा.