मुकादमाची फेरी

काका : पुरे. बघा, थांबला. दमला तो. काढा पाणी.

डॉक्टर : काका, आत्ता तर त्याच्या पायाखालचा पट्टा फिरायला लागलाय.

काकू : यांचं रोजचंच आहे. कुत्रा टाकीत आणि धाप यांना.

काका : मागचे पाय त्याचे गेलेत, तुझे नाहीत. ऑपरेशन झालं, मालिश झाली, आता हे पाण्यातलं चालणं. किती हाल करायचे मुक्या जिवाचे?

काकू : हाल? कोमट पाणी, काचेची खोली, पायाखाली आपोआप सरकणारा रस्ता! मला कुणी ठेवलं तर मी उद्या मुक्कामाला येईन.

डॉक्टर : काकू, तुमच्या मापाची टाकी नाही. नाहीतर ठेवलं असतं. काका, मी स्पष्टच सांगते. आज ठरवायचंय. हा सलग थोडा तरी चालला, तर व्यायाम पुढे चालू ठेवू. नाही चालला, तर मागच्या पायांना चाकांची गाडी बांधू. पुष्कळ कुत्री गाडीवर मजेत पळतात.

काका : गाडी? मुकादमाला? मग नकोच. आज नाही चालला तर उद्यापासून आम्ही येत नाही. असेल तसा घरी पडून राहील.

डॉक्टर : का हो? गाडीवर एवढा राग का?

काकू : अहो डॉक्टर, यांची दुधाची हातगाडी होती. घरोघर दूध घालायचे. पिशवीतलं दूध आलं आणि गिऱ्हाईकं गळाली, शेवटी आमची एक गल्ली तेवढी उरली. पण हा शेपटी वर करून गाडीच्या मागे हजर! म्हणून तर लोकांनी नाव ठेवलं मुकादम. यांना कोणी विचारायचं नाही, आधी मुकादम कसे आहेत ते विचारायचे.

काका : जन्मभर ज्यानं माझ्या गाडीवर देखरेख केली, त्यालाच गाडीला जुंपायचं?

डॉक्टर : मग आता फेरी?

काकू : हा जिन्यावरून घसरला, मणका दुखावला, त्या दिवसापासून बंद. हा अंथरुणाला, हे खुर्चीला. घरात दोन दोन मुकादम आणि राबणारी मी एकटी.

काका : वय झालं माझं.

काकू : आदल्या दिवशी झालं नव्हतं ते?

डॉक्टर : बरं, भांडण नंतर. काका, आज एक करा. तो थांबला तरी हात घालायचा नाही. दोन्ही हात मागे बांधा.

काका : शाळेत होतो तेव्हा बांधले होते.

डॉक्टर : आज परत बांधा. चला मुकादम, निघायचं? हं, शाब्बास! मागचा डावा पंजा जरा घासतोय, पण टेकतोय बरं का.

काका : थांबला.

डॉक्टर : थांबू दे. तो थांबला की मी पट्टा बंद करते, पाऊल उचललं की सुरू. हात मागे, काका!

काका : थरथरतोय.

डॉक्टर : तुम्ही थरथरताय. त्याच्याकडे बघा. दमलेला कुत्रा मागचं अंग खाली टाकतो, जीभ काढतो. हा चारी पायांवर ताठ उभा आहे. कान बघा, कसे टवकारलेत. हा थांबलाय, दमलेला नाही. मी पोटाखालची झोळी धरून जरा पुढे घेते... हं, चालला. आणि हा पुन्हा थांबला.

काकू : घरी पण तेच करतो, मेला. पोटाखाली पंचा धरून चालवला की दारापर्यंत जातो आणि दारात पुतळा.

डॉक्टर : तिसऱ्यांदा थांबला. आता झोळीनं पुढे घेते, बघा हं... चालतोय. अजून चालतोय! एवढा लांब पहिल्यांदाच चालला. अरे, थांबला परत. गंमत आहे. आधी लगेच लगेच तीनदा, मग एकदम लांब.

काकू : थांबा, थांबा. अहो, तुमच्या फेरीतलं पहिलं घर कुठलं?

काका : मध्येच काय फेरीचं?

काकू : सांगा तर! शिवणवाल्या बाई. भिंतीला भिंत लावून मास्तर. त्यांना चिकटून त्या दोघी भांडकुदळ जावा. तीन घरं. आणि मग काय येतं?

काका : शाळेचं कुंपण.

काकू : लांबच्या लांब! अहो, हा दूध घालतोय!

डॉक्टर : अगं बाई!

काका : काहीतरीच. मग थांबून का राहतो? माझ्या मागे तर आपला आपण यायचा.

काकू : तुम्ही पुढे, तो मागे. तुम्हाला काय कपाळ दिसणार? हा पिल्लू असताना मी यायची गाडीला हात लावायला. तुम्ही दारादारात गप्पा हाणायचा आणि आम्ही दोघं ताटकळत. कॅनचं झाकण खणकन बसलं की हा पाय उचलायचा. त्याआधी तुम्ही गाडी ओढून नेलीत तरी हलायचा नाही.

काका : झाकण?

काकू : झाकण! डॉक्टर, तुमच्याकडे पत्र्याचं काही आहे का?

डॉक्टर : हा कापसाचा स्टीलचा डबा चालेल?

काकू : द्या यांच्या हातात. आता सोडा ते हात, आणि वाजवा.

(झाकणाचा खणखणाट. पाण्याची खळबळ.)

डॉक्टर : निघाला! काका, झोळी माझ्या हातात सैल आहे, बघा. स्वतः चालतोय!

काका : कुंपणापलीकडचं घर झालं, आता थांबेल. इथे गोळ्यांच्या दुकानाची मालकीण. वहिनी, आज साय जास्त आहे हं, पातेलं मोठं आणा.

काकू : मला कधी साय जास्त आहे म्हणाला नाहीत.

काका : तू गिऱ्हाईक नव्हतीस. हं, घे.

डॉक्टर : झाकण वाजलं, हा चालला! पुढे कोण?

काका : चष्मेवाले. त्यांना ऐकू कमी येतं, दोनदा हाक मारावी लागते. दूध! अहो, दूध! आणि त्यांच्यापुढे बाळंतीण, तिला अर्धं माप जास्त. डॉक्टर, पाणी गार तर नाही ना झालं?

डॉक्टर : पाणी ठीक आहे. तुम्ही फक्त दूध घाला.

काकू : आवाज बघा यांचा कसा मोकळा झालाय. घरी चहा मागताना पुटपुटतात.

काका : चल रे मुकादम. कोपरा आला, वळ. शाब्बास, बाळा!

डॉक्टर : थांबला. काका, झाकण.

काका : नाही.

डॉक्टर : का?

काका : हे आमचं घर. इथे कॅन रिकामा असतो. आता कितीही वाजवा, तो हलायचा नाही.

काकू : बसला बघा. हुश्श करून बसला.

डॉक्टर : आता दमलाय. हे खरं दमणं. पाणी सोडते, तुम्ही टॉवेल घ्या. चाकांची गाडी राहू दे, काका. अजून बरेच दिवस लागतील, पंजा घासतोय, पण आता जमिनीवरही सुरुवात करू. रोज पहिली तीन घरं. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल.

काका : रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं? बरं दिसतं का ते?

काकू : आणि झाकण कुठून आणणार? कॅन तर यांनी भंगारात दिला.

काका : दिला नाही.

काकू : दिलात! मला स्वतः सांगितलंत तुम्ही.

काका : माळ्यावर आहे. घासून ठेवलाय.