फितीमागचा दवाखाना

हॅलो?… हॅलो… हो, भोजराज गुरुजीच बोलतो आहे. कोण?… केशोराव? बरे झाले रे, तूच फोन केलास. मी केव्हाचा तुला लावतो आहे, लागतच नाही.

नाही, आधी ऐक… अरे हो, मंगलाचरणाचे नंतर बोलू… गोंदियाहून शाल कोणत्या रंगाची आणायची, तेही नंतर… केशोराव. सरपंच झाल्यावर गुरुजींचे वाक्य पुरे होऊ द्यायचे नाही, असा काही शासननिर्णय निघाला आहे काय?

हां. आता ऐक.

मी नव्या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर उभा आहे. आपल्याच गावच्या, दुसऱ्या कोणत्या? माझ्यासमोर राजदीपची बायको पिंकी भिंतीला धरून बसली आहे. दिवस भरले आहेत तिचे. कळा सुरू आहेत. सिस्टर रुख्माबाई तिच्याजवळ आहेत. आणि दाराला कुलूप आहे.

किल्ली तुझ्या घरी आहे… हो, राजदीप जाऊन आला. तुझ्या सौ. गिरजाबाई म्हणाल्या, सरपंचांनी सांगितल्याशिवाय देता येत नाही. आता तू सापडला आहेस, तर एवढेच कर. माझा फोन ठेव, घरी लाव आणि म्हण, किल्ली देऊन टाक. बस. ठेवू मी?

…परवा? परवा लोकार्पण आहे, हे तू मला सांगतोस? मुहूर्त मीच काढून दिला ना?

हो, फीत बांधली आहे. दिसते आहे मला. लाल रंगाची आहे, मधोमध फूल काढले आहे, छान आहे. फितीविषयी माझी काही तक्रार नाही. तिच्यामागे कुलूप आहे, त्याविषयी आहे.

जुन्या उपकेंद्रात न्या?… केशोराव, तिथे काय उरले आहे? तूच ना ट्रॅक्टर लावून सगळे इकडे आणलेस? बाळंतपणाचे टेबल इकडे. दिवा इकडे. बाळाला ऊब देणारे ते यंत्र इकडे. लोकार्पणाच्या पाहुण्यांना खोली भरलेली दिसली पाहिजे म्हणून तिकडची खोली रिकामी केलीस. तिथे आता एक खुर्ची आहे, आणि तिलाही तीनच पाय आहेत. सिस्टरबाई तिच्यावर बसत नाहीत, स्टूल घरून आणतात.

काय म्हणालास?… 'गुरुजी, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले.' नाही रे. मी टेन्शन घेत नाही. मी किल्ली मागतो आहे.

रुग्णवाहिका? बोलावली. ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन देवरीला गेली आहे, परतून येईल. त्यात तिचा काही दोष नाही. आजारी माणूस काही एकट्या आपल्या गावात नाही… चिचगडच्या दवाखान्यात? ऑटोत घालून? सिस्टरबाई नको म्हणतात. दुसरे बाळंतपण आहे, वेळ लागणार नाही. वाटेत जंगलात अडले, तर तिथे कोण आहे? सागाची झाडे आहेत. ती उभी राहून पाहतील.

थांब जरा… राजदीप, तू असा फेऱ्या मारू नकोस, तिच्या पाठीला आधार दे… हो, बोलतो आहे मी त्यांच्याशीच… हां, केशोराव. ऐकतो आहेस ना? तो मला विचारतो, 'गुरुजी, आपल्याच गावचा दवाखाना, मंग काऊन उघडून नाही राहिले?' याचे उत्तर मला येत नाही. सगळे आयुष्य शिकवण्यात गेले माझे, पण याचे उत्तर मला येत नाही. तूच सांग, मी त्याला सांगतो.

…अच्छा. पाहुण्यांनी फीत कापल्याशिवाय कोणी आत गेले तर त्यांचा अवमान होईल.

केशोराव, तू माझ्या घरी आलास तेव्हा म्हणालास, गुरुजी, उत्तम मुहूर्त पाहिजे. मी पंचांग उघडले. तिथी पाहिली, नक्षत्र पाहिले. दिवस दिला. मग तू आलास, पाहुण्यांना मुंबईला बैठक आहे म्हणालास. मी दुसरा दिवस दिला. मग त्यांच्या मेहुण्याकडे लग्न निघाले. पुन्हा पंचांग उघडले. परवाचा जो आहे तो नक्षत्र पाहून आलेला नाही, बाबा. तो त्यांच्या स्वीय सहायकाने सांगितला आणि मी त्याला होकार दिला. पंचांग माझे, पण तिथी त्यांची. मेहुण्याकडच्या लग्नासाठी जो मुहूर्त हलतो, तो पिंकीच्या बाळासाठी हलत नाही?

हसू नकोस. मी विनोद करत नाही.

हो, हो… तू निधी आणलास. मान्य. खेटे घातलेस, मान्य. गावासाठी केलेस, कोण नाही म्हणतो? पण ऐक ना… अरे ऐक. एखाद्याने देवाला नैवेद्य दाखवायला ताट वाढले, आणि तेवढ्यात भुकेने रडणारे लेकरू पायात आले. आईने त्याला आधी घास दिला तर देव रागावतो काय? मी आयुष्यभर पूजा केली आहे. मला तसा रागावणारा देव भेटला नाही. पाहुणे भेटले.

…काय? पुन्हा म्हण.

गोंदियाला खाजगी दवाखान्यात न्या, मी डॉक्टरांशी बोलतो, बिल कमी करायला लावतो.

…

नाही, फोन चालू आहे.

केशोराव, तू कोणत्या शाळेत शिकलास?… मला ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचे आहे… हो. जिल्हा परिषदेच्या. माझ्याच वर्गात. त्या शाळेत बसण्यासाठी तुझ्या वडिलांना कोणाचा शब्द लागला होता? कोणी फोन करून सांगितले होते काय, हा आपला मुलगा आहे, जरा सांभाळून घ्या? नाही ना? तू या गावचा मुलगा होतास, म्हणून बाकावर तुझी जागा होती. शाळेने तुझ्यावर उपकार केले नाहीत. मीही केले नाहीत. तुझे होते ते तुला मिळाले. म्हणूनच आज तू मान वर करून बोलतोस, आणि म्हणूनच मला आज तुझा राग येतो आहे. तुझ्या शब्दाने बिल कमी होणार! म्हणजे ज्याच्यासाठी तुझा शब्द नाही त्याने काय करायचे? पिंकीने तुझ्यासमोर हात जोडायचे, मग डॉक्टरांसमोर, मग बाळाला जन्म द्यायचा?

ते बाळ अजून जगात आले नाही, आणि त्याच्या डोक्यावर तुझे उपकार आधीच ठेवून दिलेस.

हो, चिडलो आहे. चिडू नको तर काय करू? शाळेच्या नव्या खोल्यांचे काय केलेस? रंग वाळला, फळा लागला, पंखे लागले, आणि सगळा पावसाळा पोरे समाजमंदिराच्या ओसरीवर, कारण फीत कापणारे हात मोकळे नव्हते. ओसरी गळत होती. एक वर्ग या भिंतीला, एक त्या भिंतीला, आणि मध्ये बकऱ्या. मी त्या वेळी बोललो नाही, म्हटले होईल सुरू. पण शाळेत बसायला उशीर झाला, तर लेकरू पाढा उशिरा शिकते. इथे उशीर झाला, तर काय होईल ते मी पिंकीसमोर उच्चारणार नाही. तुला कळते.

…काय हो सिस्टरबाई?… बरे… बरे, सांगतो.

केशोराव, त्या म्हणतात, आता वेळ नाही.

…हो?… देतोस? सांगतोस घरी?… ऐकतो, बोल.

मागच्या दाराने.

फीत तशीच राहू द्यायची, मागच्या दाराने आत न्यायचे, बाळंतपण झाले की फरशी पुसून कुलूप लावायचे, आणि परवा पाहुण्यांना काही सांगायचे नाही. असे म्हणतोस ना? मी नीट ऐकले ना?

तुझ्या लक्षात येते आहे काय, तू कोणाला कोणते दार दाखवतो आहेस? राजदीपच्या घरच्या लोकांना आपण पिढ्यान्‌पिढ्या मागचेच दार दाखवले. माझ्या आजोबांनी दाखवले, तुझ्याही दाखवले. देवळाचे, विहिरीचे, वाढलेल्या पंगतीचे. त्यांनी बौद्ध धम्म घेऊन तुमचे-आमचे दार सोडले, स्वतःचे दार उघडले, त्याला किती काळ लोटला! आणि आज सरकारच्या पैशाने, म्हणजे राजदीपच्याही पैशाने बांधलेल्या दवाखान्यात तू त्याच्या बायकोला…

कळते, तुझ्या मनात तसे नव्हते. तुझ्या मनात फोटो होता. पण दार तेच निघाले ना?

थांब. निर्णय माझा नाही. अडचण तिची आहे, तिलाच विचारतो… पिंकी. अगं, सरपंच म्हणतात मागच्या दाराने चला. तुला काय वाटते?… बरे… हो बाई, सांगतो, जसेच्या तसे सांगतो.

केशोराव, ती म्हणते, 'मागं वळसा घालून चालणं नाही होत जी माझ्यानं. अन् फितीखालून वाकताही नाही येत. सरपंचाले म्हणा, इथं या अन् या पोटासकट वाकून दाखवा.'

ऐकलेस? या वेळीही हसली ती. कळ येते आहे आणि हसते आहे. तू मात्र फितीची काळजी करतोस.

राजदीपने कुलूप तोडायला दगड उचलला आहे, केशोराव… पोलीस? कुलूप तोडले तर गुन्हा होईल? होऊ दे. शासकीय मालमत्तेची हानी, हो, कलम तू शोधून ठेव, माझे नाव पहिले घाल. भोजराज, सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक. या वयात तुरुंगात बसून निदान वाचन तरी होईल… राजदीप, दगड ठेव खाली. एक क्षण ठेव. कोणीतरी येते आहे.

…

केशोराव, तुझ्या घरातून गिरजाबाई निघाल्या आहेत. त्या केव्हाच्या ओसरीवर उभ्या राहून इकडेच पाहत होत्या. रस्ता ओलांडला… नाही, माझ्याशी बोलल्या नाहीत. कोणाशीच बोलल्या नाहीत. पदरात हात आहे. किल्ली आहे हातात.

तू त्यांना फोन केलास?… नाही ना? मग त्या तुझ्या फोनसाठी थांबल्या नाहीत.

कात्री? कात्री तुझ्याजवळ आहे, गोंदियाला, मखमली ताटात. इथे कोणाजवळ नाही. त्यांनी गाठ सोडली. हाताने. फीत गुंडाळली आणि खांद्यावर टाकली, जशी धुण्याची साडी टाकतात… कुलूप निघाले.

पिंकी, सावकाश. हां. पाय सांभाळ, उंबरा उंच आहे. रुख्माबाई, दिवा डाव्या हाताला असेल… गेल्या आत. समोरच्या दाराने गेल्या, केशोराव. गिरजाबाई तिचा हात धरून गेल्या.

लागला दिवा.

…काय विचारतोस? पाहुण्यांना काय सांगू?

सांग की यावे. अवश्य यावे. दार उघडे असेल. पण कापण्यासारखे इथे काही राहिलेले नाही.

ओरडू नकोस, ऐकू येते मला. वय झाले आहे, कान शाबूत आहेत. तू मला मंगलाचरणाला बोलावू नकोस, चालेल. शाल दुसऱ्याला दे. मला थंडी वाजत नाही… काय सिस्टरबाई?… डोके दिसते आहे? वेळेत आलो म्हणता?… ठीक, ठीक, मी दारात आहे, कोणाला आत येऊ देत नाही…

केशोराव, वेळेत पोहोचली ती. तुला सांगितले. आनंद झाला असेल तर घरी आल्यावर बोल, आत्ता नको.

हॅलो?… आहेस ना?… एक मिनिट.

इकडे केवलरामची आई आली आहे. काठी टेकत आली आहे, रस्त्याच्या त्या टोकावरून. दम लागला आहे तिला. दार उघडे दिसले म्हणते. विचारते आहे, 'गुरुजी, दवाखाना चालू झाला का जी? माह्या छातीत किती दिस झाले दुखून राहिलं.'

काय सांगू तिला?

बोल ना. तू सरपंच आहेस, उत्तर तू दे. ती माझ्या तोंडाकडे पाहते आहे.

…केशोराव?

बरे. मीच सांगतो.

हो, माय. चालू झाला. बसा इथे सावलीत, सिस्टर एका लेकराला घेऊन बाहेर येतील, मग तुम्हाला तपासतील… नाही, कोणाला विचारायचे नाही. तुमचाच आहे. बसा.

ठेवतो रे.