बहिऱ्या तात्यांची गिरण

योगेशच्या मुलीचं, गौरवीचं, बारसं झालं, त्या वर्षी त्याने पेडण्यातल्या आपल्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह जोडला. गिरण चालवत त्याचे वडील, पांडुरंगतात्या; गाव त्यांना बहिरे समजे. एकदा ते बसमध्ये बसले होते. पुढच्या बाकावर गिरणीतल्या नेहमीच्या दोघी, विमलाकाकी आणि संजना. मागे कोण आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"संजना, आपण बोलूक लागलो काय गिरण हळू जाता, ध्यानात इला?"

"होय गो काकी! तात्याच बटण फिरवता, आपला ऐकूक."

"पण तो बहिरो मगे?"

"बहिरो खंयचो! ड्राइव्ह जोडलो तेव्हा मोटार उलटी फिरली. नुसत्या आवाजान वळाखली कोणी? तात्यान! मगे योगेशान दोन वायरी बदलल्यान."

"अरे देवा! माझ्या सासूचा सगळा त्याच्याम्होरच बोललंय मी!"

"उद्या बघूया. योगेश गिरण विकता म्हणान सांगूया. हळू झाली काय गावलो!"

दुसऱ्या दिवशी गिरणीत संजना मुद्दाम म्हणाली,

"ऐकलंस काकी? योगेश गिरण विकता!"

तात्यांनी बटण पूर्ण फिरवलं. गिरण गरजली, पीठ दोघींच्या केसांवर बसलं.

"काय म्हणतास गो? बारीक होया?" तात्यांनी कानामागे हात धरला.

"बहिरोच गो बिचारो," म्हणत काकीने सासूचं पुढचं सुरू केलं.

गिरण हळूहळू मंदावली.

पांडुरंगतात्या पुढच्या वर्षी शिगम्याच्या सणानंतर वारले. गावाच्या लेखी ते बहिरेच गेले.