सुया बंद झाल्यावर

नामांतराच्या मोर्चानं चितेगावची बस अडली होती. माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून होत्या.

"इतकी वर्षं दवाखाने केले. आता कुठं दिवस राह्यले, आन् गर्भ टिकायच्या सुया बंद?"

"आत्या, डॉक्टरीणबाई म्हणल्या, पोटात बाळाची वार चांगली धरलीय. सुईतून मिळायचं ते आता वारच देती."

"आन् नाय दिलं तर?"

"अशक्त कोकरू तुम्ही आचळाला धरता. ते सोताहून ढुशा द्यायला लागलं, की काय करता?"

"सोडून देती."

"भ्याव नाय वाटत?"

"लई वाटतं. दिसभर त्याच्या मागं मागं फिरती, पण हात लावत नाय."

"मग माझ्याबी मागं फिरा."

"फिरीन. आदी ती जड पिशवी दे इकडं."