टोपीवाले बाबा

परदेशी बाजार कसा जिंकावा यावर कुणी भाषण ठोकायला लागलं, की मला उल्हासनगर कॅम्प एकमधला मोहन आठवतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, मी तेव्हा वार्ताहर होतो. त्याच्या बिस्किटांच्या प्रत्येक पुड्यावर दिवंगत वडिलांचा हार घातलेला फोटो असायचा. लंडनच्या व्यापाऱ्याला बिस्किटं आवडली, पण मेलेल्या माणसाचा फोटो इकडे खाण्यावर चालत नाही म्हणून त्याने नवा पुडा करून पाठवला. हार गायब, टिळा गायब. डोक्यावर स्वयंपाक्याची उंच पांढरी टोपी, आणि म्हातारा चक्क हसतोय!

संध्याकाळी लंडनहून फोन यायचा होता. हो म्हटलं तरच ऑर्डर. मोहन कारखान्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

"साहेब, बाबांना बावर्ची बनवला त्यांनी! पण ऑर्डर सोडली तर नवी भट्टी बंद पडेल."

"पडू दे!" मी टेबलावर हात आपटला. "दुसऱ्याच्या बापाला टोपी घालणारे हे कोण? तू नकार दे, उद्या मी पहिल्या पानावर छापतो."

"पहले अम्मा को पूछता हूं," तो म्हणाला.

आम्ही घरी गेलो. त्याच्या आईने पुडा खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मोहनचं लक्ष सारखं घड्याळाकडे.

"जिंदगीभर दुकान पे मुंह फुलाके बैठते थे," अम्मा म्हणाल्या. "गिऱ्हाईक डरता था. पहली बार हंसे हैं. हां बोल दे."

मोहनने फोनवर हो म्हटलं, आणि माझी पहिल्या पानाची बातमी हुकली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, तर भिंतीवरचा जुना फोटो उतरवलेला. तिथे टोपीवाले बाबा हसत होते, आणि अम्मा त्यांना हार घालत होत्या.