गिझरचा अर्धा तास

…आणि वर मलाच विचारतात, 'बिल वाढलं कसं?' तुम्हाला सांगतो, आमचा गिझर सकाळी सहाला चालू व्हायचा तो थेट दहाला बंद. अंघोळी चार, बाकी वेळ तो लाल दिवा भिंतीला ऊब देत बसलेला. मी बाबांना म्हटलं, पृथ्वी तापतेय. तर म्हणाले, "तापू दे, पाणी तापलं की झालं." शेवटी एकदाचं ठरलं… महिन्यात बिल कमी करून दाखव, गच्चीवर सोलर बसवतो. शब्द दिला, तोही आईसमोर. आणखी काय हवं?

मग मी वेळापत्रक लावलं. गिझर साडेसहा ते सात. माणशी सात मिनिटं, दाराबाहेर मी घड्याळ घेऊन. पाणीच तर तापवायचं, त्यात काय एवढं? आई म्हणाली, "केस धुवायला सात मिनिटं? मुलगा आहेस की जेलर?" ताई आतून, "बाबा, ह्याला कुठेतरी नोकरी बघा हो." मी ढळलो नाही. आणि आठवड्यात काय… कुरकुर बंद. आई आठला न्हाऊन प्रसन्न, ताई नऊला, बाबा तर सुट्टीच्या दिवशी बाराला, गुणगुणत. मला वाटलं, गार पाण्याने न्हायला लागले, माणसं बदलतात, विश्वास ठेवायला हवा.

काल बिल आलं. सव्वापट.

घर धुंडाळलं. पिठाच्या डब्यामागे एक, ताईच्या कपाटात एक, बाबांच्या हत्यारांच्या पेटीत एक… बादलीत सोडून पाणी तापवायचे रॉड. त्यांना ना वेळापत्रक, ना आपोआप बंद व्हायची अक्कल. बादली उकळतेय आणि माणूस फोनवर. पाणीच तर तापवायचं होतं ना? तिन्ही रॉड टेबलावर मांडले आणि मी सुरू झालो… विश्वासघात, पुढच्या पिढ्या, सगळं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "कोपऱ्यावरचा दुकानदार विचारत होता, घरात लॉज काढलाय का. चौथा रॉड कोणी नेला रे?"

आता तुम्हीच सांगा… पहिल्या आठवड्यात सगळ्यांवर घड्याळ धरता धरता माझी पाळी यायची सात वाजून पाच मिनिटांनी. गिझर बंद. पाणीच तर तापवायचं होतं हो.

सोलर गेलं. गिझर पुन्हा सहा ते दहा. बटण मीच दाबतो… घरात सगळ्यात आधी उठायची तेवढी एक सवय त्या वेळापत्रकाने लावली.