युरिया मुठीत मावतो

शेती कॉलेजच्या काचघरातला माळी निवृत्ती राहुरीच्या स्टँडवर रांगेत उभा होता. मागे एक म्हातारं जोडपं बोलत होतं. आजी विचारत होती,

"मग, काचघर बघितलं का?"

"बघितलं. भोपळ्याचे येल दोरीवर चढवल्यात. साहेबाला इचारलं, आमच्या येलाला नुसती पानंच का?"

"काय म्हनले?"

"युरिया जास्ती झाला, पोटॅश कमी पडलं. चुलीतली राख घाला म्हनले."

"अगं बाई! राखच घालत हुते की मी. तुमीच म्हनला, हा आडानीपना सोड."

"म्हनलो हुतो."

"शेनखताची पाटी बी उचलू दिली न्हाई."

"न्हाई दिली."

"का पर?"

"पाटी उचलताना तुजी कंबर धरायची. डोळं गच्च मिटून घ्यायचीस. युरिया काय, मुठीत मावतो."

आजी आजोबांकडे वळली.

"तसं बोलायचं हुतं की वो. मला वाटलं, माजं काम तुमाला पटंना झालं."

"उद्यापास्नं पाटी मी उचलतो. राख तू घाल."

"तुमची कंबर काय लोखंडाची हाय? दोघं दोन्हीकडनं धरू."

एस.टी. आली. निवृत्ती बाजूला सरला आणि त्यानं दोघांना आधी चढू दिलं.